बाप्या माणसानं वाकळ शिवली की...

बाप्या माणूस वाकळ, म्हणजे गोधडी, शिवतो म्हणलं की गावात लोक हसतात आणि शहरात टाळ्या वाजवतात. मला दोन्हीचा वैताग येतो.

अरे, यात नवल काय? आपल्या मराठवाड्यात लेप, म्हणजे कापूस भरलेलं जाड पांघरूण, कोण भरायचं? पिंजारी, नदाफ. खांद्याला पिंजण अडकवून गल्लीत यायचे, अंगणात कापूस पिंजायचे, खोळीत सारखा पसरून काठीनं झोडून बसवायचे आणि लांब सुईनं टाके घालायचे. पुरुषच होते की सगळे! संभाजीनगरचं नक्षीदार हिमरू कापड विणणाऱ्याला कुणी 'पुरुष असून' म्हणत नाही. वाकळ घरात बायका शिवतात, पैसे न घेता शिवतात, म्हणून ते हलकं काम ठरलं. खरं दुखणं तिथं आहे.

मी धंद्यानं शिंपी. रेडिमेडनं गिऱ्हाईक नेलं तसा रिकाम्या वेळात हातशिलाईच्या वाकळी करायला लागलो. शिकलो आईकडून आणि शेजारच्या मावशींकडून. मशीनवर सरळ शिलाई मारणाऱ्याला वाटतं, धावदोरा काय, कुणीही घालेल. घालून बघा. खाली जुनं सुती लुगडं ताणून अंथरायचं, आत धोतराचे-सदऱ्याचे तुकडे असे जुळवायचे की कुठं उंचवटा नको, आणि मग कडेपासून आत आत यायचं. मध्येच चुणी पडली की पुढं ती वाढतच जाते, उसवल्याशिवाय सुटका नाही. (आता सुती लुगडी मिळणंच मुश्कील. सिंथेटिक साडीची वाकळ रात्रभर अंगावरून घसरते.)

मागं एका प्रदर्शनात आम्ही दोघांनी वाकळी दिल्या, मावशींनी आणि मी. माझी दारातच लावली, खाली पाटी: 'पुरुषाने शिवलेली गोधडी'. लोक फोटो काढत होते. मावशींची घडी घालून टेबलावरच्या ढिगात, नाव नाही, किंमत माझ्या निम्मी. टाका बघाल तर त्यांचा तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा. माझा कोपऱ्यात वाकडा गेलेला लांबूनही दिसत होता. मी बोललो, तर संयोजक हसून म्हणाले, "दादा, तुमची स्टोरी चांगली आहे ना!"

स्टोरी पांघरून थंडी जाते का?

हा प्रकार आपल्याकडंच आहे असंही नाही. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. वाहवा झाली, पण शिवणाऱ्या बहुतेक बायकांची नावंच कुणाला ठाऊक नव्हती. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला फक्त पुरुषांच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं, तिथं मात्र प्रत्येकाचं नाव होतं. आणि पुरुषांनी हे आज सुरू केलं असंही नाही. क्रिमियाच्या लढाईत जखमी झालेला थॉमस वॉकर नावाचा शिपाई दवाखान्यातल्या खाटेवर बसून गणवेशाच्या कापडाचे तुकडे जोडतोय, असं १८५६ चं एक चित्र आहे. हात मोकळे होते, कापड होतं, शिवलं.

बचत गटांच्या प्रदर्शनात स्टॉल बायकांनाच मिळतो, याबद्दल काही भाऊ कुरकुरतात. मला तो नियम पटतो. तेवढी एक जागा त्यांना राहू द्या. पण हस्तकलेची बाकी जी प्रदर्शनं भरतात, तिथं पुरुषांचा वेगळा कोपरा नको. सगळ्यांच्या वाकळी एकाच दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवू नका, म्हणजे उलटी बाजूही बघता येईल. वरची बाजू रंगांनी झाकून जाते, शिवणाऱ्याचा हात उलट्या बाजूला कळतो. पाटीवर नाव, गाव, कापड कशाचं आणि कुणाकडून शिकलं एवढं लिहा. बाई की बाप्या ते नावावरून कळतंच.

आणि एखाद्या म्हाताऱ्या पिंजाऱ्याला बोलवा. नुसता सत्कार करून शाल देऊ नका, कापूस द्या, मजुरी द्या आणि लोकांसमोर लेप भरू द्या. यंदा असं कुणी भरवणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. मावशींना घेऊन येतो. त्यांच्या वाकळीची किंमत मात्र त्या स्वतः सांगतील.