कण यकृतात जातात, औषध कामाला लागत नाही

तुमचा आक्षेप असा की यकृत रक्तातले बारीक कण असेही गिळतं, मग एसआयआरएनए (ठरावीक जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) वाहून नेणारे लिपिड नॅनोपार्टिकल, म्हणजे चरबीसारख्या रेणूंचे अतिसूक्ष्म कण, तिथे 'पाठवले' म्हणण्यात काय अर्थ? पुरावा म्हणून माटुंग्याच्या लॅबमधली तुमची बॅच: साइझ ६० नॅनोमीटर, एन्कॅप्सुलेशन (कणांत बंद झालेला आरएनए) ९२ टक्के, आणि उंदरांत सायलेन्सिंग (जनुक गप्प होणं) जवळपास शून्य.

असे कण गिळण्यात पुढे असतात त्या कुप्फर पेशी, यकृतातल्या सफाई कामगार. पण ज्याचं जनुक गप्प करायचंय ते ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन बनतं हिपॅटोसाइटमध्ये, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशींत. तिथवर कण नेतो रक्तातला एपोई (एक प्रथिन): तो कणाला चिकटतो आणि हिपॅटोसाइटवरचा एलडीएल रिसेप्टर त्याला ओळखून आत घेतो. एपोई नसलेल्या उंदरांत या कणांचा परिणाम कोसळतो, आधी एपोई मिसळून दिले की परत येतो. हे २०१० मध्येच दाखवून झालंय.

आता तुमची बॅच. कणांना पेग या पॉलिमरचं आवरण देणारं लिपिड लागतं. त्यातलं डीएमजी-पेग मिळालं नाही म्हणून तुम्ही डीएसपीई-पेग घातलंत, तेही ३ टक्के. खरी गोम इथे आहे. डीएमजीच्या शेपट्या १४ कार्बनच्या, त्यामुळे पेग रक्तात लवकर गळून पडतं. डीएसपीईच्या १८ च्या. पेग तासन्‌तास अंगावरच राहतं. रेनकोट न काढता पाहुणा दारात उभा! एपोईला चिकटायला जागा नाही, पेशीत शिरल्यावर एंडोसोम या पिशवीतून बाहेर पडणंही अवघड. आणि पेग वाढवलं की कण लहान होतात, म्हणून तुमचा साइझचा आकडा इतका देखणा.

पॅटिसिरानचं (ट्रान्सथायरेटिनवरचं, लिपिड कणांतून दिलं जाणारं एसआयआरएनए औषध) प्रमाण आधी जसंच्या तसं करून बघा: एमसी३ (आरएनए धरून ठेवणारं लिपिड) ५०, डीएसपीसी (फॉस्फोलिपिड) १०, कोलेस्टेरॉल ३८.५, पेग-लिपिड १.५ मोल टक्के. इथेनॉल एक भाग, पीएच ४ चा बफर तीन भाग. मिसळल्यावर इथेनॉल काढायला लगेच डायलिसिसला लावा. इथेनॉलमध्ये रेंगाळले की कण एकमेकांत मिसळून फुगतात. डीएसपीसी गार इथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही, कोमट करा. उणे २० मधली लिपिडची वायल खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, मुंबईच्या पावसाळ्यात तर नाहीच. पावडर ओल धरते आणि वजनच चुकतं.

त्या ९२ टक्क्यांबद्दलही शंका आहे. रायबोग्रीनचा (आरएनए मोजायचा चमकणारा रंग) स्टँडर्ड कर्व्ह ट्रायटनसह (कण फोडणारा डिटर्जंट) वेगळा काढला होतात का? ट्रायटनने फ्लुरोसन्स बदलतो.

लिपिडऐवजी गॅलनॅक (हिपॅटोसाइट ओळखतात अशी साखर) जोडणं सोपं, हे मात्र तुमचं बरोबर आहे. एसआयआरएनए हिपॅटोसाइटमध्येच न्यायचा असेल, तर त्वचेखाली तीन महिन्यांतून एकदा दिलं जाणारं, गॅलनॅक जोडलेलं व्हुट्रिसिरान जास्त सोयीचं. पण कॅस९ चा (जनुक कापणारं प्रथिन) चार हजारांहून जास्त बेसचा एमआरएनए गॅलनॅकला टांगून पेशीत नेता येत नाही. तिथे लिपिडच लागतात.