आरडाओरड म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. घाई असेल त्यांनी पुढे सरका.

लेकीच्या शाळेत गाण्याची स्पर्धा होती. तिनं लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक अँड रोल गायकाचं 'टुटी फ्रुटी' म्हटलं. तीन आठवडे घर डोक्यावर घेतलं होतं पोरीनं. परीक्षक माईकवर म्हणाले, "बाळा, आवाज छान आहे, पण गाणं म्हण ना. ही आरडाओरड झाली." अख्खं सभागृह हसलं. गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

आरडाओरड!

आमचे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी अकरावीत असताना मित्राकडून हीच कॅसेट आणून दणकून लावली होती. बाबा दारात उभे. म्हटलं, गेला आता टेपरेकॉर्डर खिडकीबाहेर. तर म्हणाले, "परत लाव." पेटी ओढली, पांढरी चार पट्टी धरली, आणि ओळीच्या शेवटी तो जो 'वूऽऽ' करतो तेवढाच तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला. तो स्वर पेटीवर सापडला तेव्हा हसून म्हणाले, "मेला कणभर हलत नाहीये रे."

हेच तर सांगायचंय मला! भरलेल्या, खरखरीत आवाजात ओळ चालू असते आणि मध्ये श्वासही न घेता हा माणूस फॉल्सेटोत, म्हणजे वरच्या पातळ, खोट्या आवाजात, उडी मारतो, बरोब्बर स्वरावर. करून बघा एकदा. बाथरूममध्ये करा, शेजारी येतील. ही उडी त्यानं चर्चमधल्या गाण्यातून उचलली, मॅरियन विल्यम्स या गॉस्पेल गायिकेकडून. आणि गाण्याच्या सुरुवातीचे ते 'वॉप बॉप अ लू बॉप' असले निरर्थक शब्द? जॉर्जियातल्या मेकन गावी बसस्टँडवर भांडी घासताना तोंडात बसले, असं तो स्वतःच सांगायचा. मला विचाराल तर ते तबल्याच्या बोलांसारखे आहेत. वाद्य सुरू व्हायच्या आधी तोंडानंच लय बांधून टाकायची. बाबांनी मांडीवर ठेका धरला होता, मला अजून दिसतोय.

१९५५ च्या सप्टेंबरात न्यू ऑर्लिन्सला हे ध्वनिमुद्रण झालं. पुढे पॅट बून नावाच्या गोऱ्या, गुळगुळीत गायकानं तेच गाणं म्हटलं आणि पॉपच्या यादीत ते मूळ गाण्याच्याही वर गेलं. इस्त्री केलेलं गाणं! म्हणजे परीक्षक तेव्हाही होतेच. आज पॅट बूनचं 'टुटी फ्रुटी' कोण ऐकतंय, सांगा. बीटल्स या इंग्लिश बँडचा पॉल मॅकार्टनी मात्र ती 'वूऽऽ'ची किंकाळी रिचर्डकडूनच शिकला. १९६२ मध्ये हॅम्बुर्गला बीटल्स आणि रिचर्ड एकाच मंचावर होते.

बरं, मान्य. कोवळ्या गळ्यानं रोज असं गाऊ नये, घसा बसतो. आणि लेकीची शेवटची उडी जरा खाली पडली, हेही मान्य. मग तेवढंच सांगायचं होतं की! "उडी खाली पडली" म्हणाले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. बाबांनी तरी काय केलं होतं? आधी स्वर शोधला, मग तोंड उघडलं. आयुष्यभर अभंग वाजवलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही, रॉक अँड रोल हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला असेल.

(माझ्या गाण्यावर मात्र त्यांनी कधी असं हसून काही म्हटलं नाही. असो, तो वेगळा विषय.)

एवढं लिहून होईपर्यंत राग बराच उतरलाय. मघाशी माळ्यावरून बाबांची पेटी काढली. भाता फाटलाय, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. पांढरी चार वाजते अजून. लेक दारात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. मी स्वर धरून ठेवला.

"परत वाजव," म्हणाली.