आधी नाव की आधी गाणं? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

शीर्षक हाती लागलं की त्यातून गाणं कसं सुचतं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "आधी नाव शोधायचं आणि मग गाणं रचायचं म्हणजे पोर जन्मायच्या आधीच बारसं. गाणं आतून यावं लागतं. बहिणाबाईंनी कुठे शीर्षकं शोधली होती?" प्रश्न मनापासूनचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. जात्यावर बसलेली बाई शीर्षक ठरवत नाही, हे अगदी मान्य. पण ‘अरे संसार संसार’ एवढं उच्चारलं की पुढचं सगळं आपोआप ओढलं येतं. मी शीर्षक म्हणतो ते याला. अनुक्रमणिकेत छापायला नंतर दिलेलं नाव माझ्या डोक्यात नव्हतंच.

आपली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण घ्या. झोक्यावर ‘आथानी कैरी, तथानी कैरी, कैरी झोका खाय वं’ सुरू होतं. त्या ओळीत ना सासर आहे ना माहेर. तरी इकडून तिकडे हेलकावणारी कैरी म्हटली की माहेरी आलेल्या लेकींना आपलं सगळं त्यात घालता येतं. एवढी मोकळी जागा पहिल्याच ओळीत ठेवणं सोपं नाही.

सुंदर सुंदर शब्द गोळा करण्यावर तुमचा राग असेल, तर मी तुमच्याच बाजूचा. ‘चांदणवेळ’, ‘मोरपीस’, ‘तापीकाठ’ असली नावं वहीत पुष्कळ जमतात आणि कडवं एकही देत नाहीत, कारण त्यांत कुणी कुणाशी बोलत नाही. माणसाच्या तोंडचं, अर्धवट राहिलेलं वाक्य मला जास्त कामाचं वाटतं.

रावेर-यावलकडचं एक साधं वाक्य घ्या: "औंदा पिलबागच ठेवू." घड कापला की केळीचं ते झाड संपतं, बुंध्याशी आलेलं पील राखून त्यावर पुढचं पीक घेतात, ती पिलबाग. नव्या टिश्यू कल्चरच्या रोपांचा खर्च वाचतो. निव्वळ हिशेबाचं बोलणं. पण ‘औंदा’ का? गेल्या साली काय झालं? आणि हे तो सांगतोय कुणाला? मला वाटलं, बायकोला. मुलगा सुरतेला गेलाय, नवी लागवड दोघांच्यानं होणार नाही, आणि ते उघड बोलायचं नाहीये. इथवर आलं की गाण्यातला माणूस उभा राहतो. कापलेला घड, सुरतेहून आलेला फोन, बुंध्याशी वर येणारं पील: कडवी आपोआप वेगळी होतात. शेवटच्या कडव्यात तेच ध्रुवपद बायकोच्या तोंडी दिलं तर त्याचा अर्थही फिरतो.

मग चाल. ‘पिलबागच’मधल्या ‘च’वर जीभ अडते, सूर धरता येत नाही. म्हणून ध्रुवपदात ‘पिलबाग ठेवू औंदा’ असं फिरवलं. शेवटचा ‘दा’ हवा तेवढा लांबवता येतो. मात्रा होतात तेरा. केरवा हा आठ मात्रांचा ताल, त्याची दोन आवर्तनं धरली तर तीन मात्रा श्वासाला उरतात. ‘च’ गेल्यानं त्याच्या बोलण्यातला हट्ट थोडा कमी झाला, तो मग कडव्यात आणावा लागला.

गाणं आतून येतं हे खरंच. पण आत जे साठतं ते कानावाटेच गेलेलं असतं: बाजारात, एस.टी. स्टँडवर, भरताच्या पंगतीत. गाणं पुरं झाल्यावर मूळ वाक्य त्यात बसत नसेल, तर ते बिनदिक्कत काढून टाकावं. त्याचं काम झालेलं असतं.

तुम्ही अमळनेरकडचे. कापसाच्या वेचणीला बायका आपसात जे बोलतात, त्यातलं काही तुमच्या कानावर असेल तर जरूर लिहा. गाणी नकोत, नुसतं बोलणं पाठवा, जसंच्या तसं अहिराणीत.