बायल्मरमेरचा तळमजला

सरकारी घरं उंच इमारतींत दिली की वस्ती बिघडतेच, असं सांगताना अ‍ॅमस्टरडॅमच्या बायल्मरमेर या वसाहतीचं नाव हमखास घेतलं जातं. मला हे अजिबात पटत नाही.

25 नोव्हेंबर 1968 ला तिथे पहिलं कुटुंब राहायला आलं. वास्तुरचनाकार झिगफ्रीड नासुथ यांच्या आराखड्यानुसार मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनांत 31 लांबच लांब इमारती आणि सुमारे 13,000 घरं उभी राहिली. घरं प्रशस्त, भरपूर उजेडाची. मोटारींचे रस्ते उंचावर; पायी आणि सायकलवर फिरणारे खाली झाडीत.

खरा घोळ तळमजल्यावर होता. तिथे कुणी राहत नव्हतं, नुसत्या अडगळीच्या खोल्यांची बंद दारं आणि आरपार जाणारे अंधारे बोळ. पैसे वाचवायला लिफ्ट कमी केल्या, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर लांबलचक सामायिक गॅलरी आली. रात्री गॅरेजमध्ये गाडी लावून घर गाठायचं, तर वाटेत जमिनीलगत उजेडाची एक खिडकी दिसत नसे. असल्या वाटेवर कुणालाही भीती वाटणारच! शिवाय मेट्रो आली ती थेट 1977 मध्ये. भाडी चढी होती, आणि मध्यमवर्गाला बाहेरच्या गावांत बागेसकट घर मिळत होतं. घरं रिकामी पडू लागली.

दक्षिण अमेरिकेतला सुरिनाम हा नेदरलँड्सच्या ताब्यातला देश 1975 मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या आगेमागे तिथून आलेल्या अनेकांना आसरा मिळाला तो याच रिकाम्या घरांत, आणि पुढे वस्ती बिघडल्याचं खापरही त्यांच्याच माथी फुटलं. हा सरळ अन्याय आहे. घरं रिकामी आधी पडली, ही माणसं नंतर आली.

4 ऑक्टोबर 1992 ला मालवाहू विमान दोन इमारतींवर कोसळून 43 जण गेले. पाडापाडी त्यामुळेच झाली असा समज आहे, पण पुनर्विकासाचं घाटत होतं ते त्याच्या आधीपासून. पुढे उंच इमारतींमधली जवळपास निम्मी घरं पाडली.

क्लाइबुर्ख ही 400 मीटर लांबीची, 500 घरांची इमारतही पाडायचीच होती. ती एका युरोला विकली गेली. घेणाऱ्यांनी लिफ्ट, गॅलऱ्या आणि सामायिक यंत्रणा दुरुस्त केल्या. घरं मात्र स्वयंपाकघर-न्हाणीघराशिवाय, नुसत्या सांगाड्यासारखी विकली. आतलं काम ज्याचं त्याने करायचं, म्हणून किंमत आवाक्यात राहिली. अडगळीच्या खोल्या वर लिफ्टजवळ नेल्या, तळमजल्यावर माणसं राहायला आणली, बोळ दुप्पट उंच केले. याच इमारतीला 2017 चा मीस व्हान डेर रोह पुरस्कार, म्हणजे युरोपातला वास्तुकलेचा मानाचा पुरस्कार, मिळाला.