नळ मोजणाऱ्यांवरचा राग

नमस्कार,

जगाची लोकसंख्या शंभर धरून पाण्याचे आणि गरिबीचे आकडे मांडणाऱ्या माझ्या 'शंभर माणसांचं जग' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "पंख्याखाली बसून आकडे फेकणं सोपं असतं" अशी तिची सुरुवात. मुद्द्यावर यायच्या आधी समोरच्याची लायकी काढायची, हे मला नवीन नाही. सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तपासण्यात उमेदीची वर्षं गेली माझी, पंख्याखाली तर पंख्याखाली. शीर्षक जरा भडक आहे, एवढं मान्य.

आता तुमचं ते वाक्य: "दारात नळ दिसला की पाणी मिळालं असं तुम्ही धरता." कोण धरतं? घरोघरच्या सर्वेक्षणात नळाची नोंद झाल्यावर पुढचे प्रश्न सुरू होतात. जाऊन, रांगेत थांबून, भरून परत यायला किती वेळ लागतो? कोण आणतं? गेल्या महिन्यात पाणी पुरलं नाही असं झालं का? स्रोत चांगला असला तरी फेरी ३० मिनिटांपुढे गेली की जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मोजणीत ते घर 'मूलभूत' सेवेतून खालच्या पायरीवर उतरतं. 'सुरक्षित' म्हणायला पाणी आवारात हवं, लागेल तेव्हा हवं आणि दूषित नको.

दूषित आहे का, हेही डोळ्यांनी ठरवत नाहीत. युनिसेफच्या सर्वेक्षणात निवडक घरांत पिण्याच्या पाण्याचा एक पेला मागतात. त्यातलं १०० मिलिलिटर बारीक गाळणपडद्यातून ओढतात, पडदा चाचणीच्या तबकडीवर ठेवून २४ ते ४८ तास उबेत ठेवतात. निळे ठिपके उगवले की ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारे जीवाणू. स्रोताचा नमुना वेगळा घेतात, आणि पुष्कळदा पेल्यातलंच पाणी जास्त खराब निघतं, कारण मधे साठवणीचं भांडं आणि त्यात बुडणारा हात असतो.

टीकाच करायची होती तर जागा होत्या. वेळेची उत्तरं १५, ३० अशा गोल आकड्यांवर साचतात, आणि नेमकी ३० वर तर सीमारेषा. उत्तर देणारा दरवेळी पाणी आणणारा असतोच असं नाही. त्याहून मोठी गोम म्हणजे, आवार, उपलब्धता आणि शुद्धता या तिन्हींचे टक्के वेगवेगळे काढून त्यांतला सर्वांत कमी तो 'सुरक्षित' म्हणून घेतात. समजा ते ६०, ७० आणि ५० आले, तर ५० धरतात. तिन्ही एकाच घरात जुळतात अशी घरं त्याहून कमी असू शकतात. म्हणजे २०२२ साली शंभरातल्या २७ जणांना सुरक्षित पाणी नव्हतं, हा लेखातला आकडा फार तर सौम्य आहे.

सरासरी फसवी असते, हे लेखात मीच लिहिलंय. तिथवर वाचलं असतंत तर बरं झालं असतं. राहता राहिली "गरीब जास्त दाखवायला सरकवलेली" दारिद्र्यरेषा. जागतिक बँकेने २०२५ मध्ये ती दिवसाला २.१५ वरून ३ डॉलरवर नेली, ती हिशोबात २०२१ च्या नव्या किमती आल्या आणि गरीब देशांच्या स्वतःच्याच रेषा वर गेल्या म्हणून. कट शोधायचाच असेल तर दुसरीकडे शोधा.