सारख्या वाटपाचा जाच

पोळीचे तीन सारखे तुकडे करता येतात, असा आमच्या आजीचा ठाम समज आहे. तव्याचा अंदाज घ्यायला टाकलेली पहिली पोळी रोज आमच्या वाट्याची. ओट्याला टेकून आजी तिचे तीन भाग करते, एकमेकांवर ठेवून बघते, मोठा वाटला त्याचा काठ मोडून लहानाला जोडते. मग पापुद्रा सुटला म्हणून परत पहिल्यापासून मोजणी. तोवर खाली फरशीवर लाळेची तीन थारोळी झालेली असतात. "घ्या शिंच्यांनो, कुणावर अन्याय नको."

आता तुकडा केवढा, याचं आम्हाला काडीचं सोयरसुतक नसतं. पहिला कुणाच्या तोंडात गेला आणि कुणी राहिलं तर नाही ना, एवढंच आम्ही बघतो. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००८ साली कुत्री शेजारी शेजारी बसवून नेमकं हेच पाहिलं. शेजारच्याला पंजा दिल्यावर खाऊ मिळतोय आणि आपल्याला काहीच नाही, म्हटल्यावर कुत्रं पंजा द्यायचं बंद करतं. पण एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला नुसता पाव दिला, तर कुणाची काही तक्रार नाही. ताईनं हे मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "परदेशातली कुत्री, त्यांना पोळी कुठं ठाऊक!" मोजमाप चालूच.

मी टिप्या. जात देशी, रंग काळा, मिशा पिकलेल्या. पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या उतारावर सापडलो, सहकारनगरात वाढलो. घरातला वडीलधारा मी, आजी सोडून. दुसरा लाडू. हा लॅब्राडॉर असून रीतसर पैसे मोजून आणलेला आहे. त्याच्याबरोबर वंशावळीचा कागद आला होता. त्यावर आजोबा-पणजोबांची इंग्रजी नावं होती. तो कागद लाडूनंच खाल्ला. तिसरी बकुळ. ही दोन दिवसांसाठी आली. ताईच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीला पावसात सापडली होती, "चांगलं घर मिळेपर्यंत ठेवा फक्त." घर मिळालं. ते हेच, एवढं आम्हाला कुणी कळवलं नाही.

लोकांना वाटतं, तीन कुत्री म्हणजे रोजची मारामारी. कसली मारामारी? आमच्यात सगळं ठरलेलं आहे. सोफ्याचा डावा कोपरा माझा. रस्त्याकडची खिडकी बकुळची, तिथं मी डोकावतसुद्धा नाही. स्वयंपाकघराचा उंबरठा लाडूचा. चेंडू बकुळचा, कारण माझी कंबर धरते आणि लाडूला धावण्यातलं प्रयोजन कळत नाही. हे ठरवायला बैठक झाली नाही. एकदा मी ओठ जरा वर उचलून दात दाखवले, एकदा बकुळनं मान वळवली, लाडू एकदा आडवा पडला तो उठलाच नाही. झालं. सोफ्यावर मी मोठा म्हणून चेंडूवरही मीच मोठा, असा आमच्यात कायदा नाही. पण माणसांना प्रत्येक गोष्टीत एकच साहेब लागतो, नाहीतर मग सगळे समान लागतात. मधलं काही त्यांना जमत नाही.

बाबांना मध्यंतरी साहेब व्हायचं होतं. कुणीतरी टेकडीवर त्यांना सांगितलं, कळपात एक 'अल्फा' असतो, तो आधी जेवतो, घरात तुम्ही अल्फा व्हायला हवं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या वाट्या भरून ओट्यावर ठेवायच्या आणि बाबांनी आमच्यासमोर उभं राहून करारी चेहऱ्यानं मारीचं बिस्किट खायचं, असा कार्यक्रम सुरू झाला. आम्ही अदबीनं बघायचो. माणूस घरात सगळ्यांचं ऐकतो, सकाळी एक बिस्किट त्याच्या मनासारखं खाऊ दे. शेवटी ताईनंच शोधून काढलं की, लांडग्यांतला 'अल्फा' ज्यांच्या लिखाणामुळे जगभर पोचला त्या डेव्हिड मीच (Mech) या अभ्यासकानंच १९९९ साली तो मोडीत काढला. जुने निष्कर्ष पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून काढलेले होते. रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं.

"म्हणजे कुटुंबच की," आजी म्हणाली. "मग घरात मोठं कोण, हे विचारायला लांडग्यांपर्यंत कशाला गेलास?"

बाबांनी अर्धं बिस्किट खाली ठेवलं. ते लाडूनं खाल्लं.

लाडूच्या खाण्याबद्दल आता बोलावंच लागेल, कारण त्यापायी मी उपाशी आहे. आमच्या वाट्या तीन ठिकाणी असतात, माझी देवघराखाली, बकुळची बाल्कनीत, लाडूची फ्रिजशी. त्याची वाटी टेकते न टेकते तोच रिकामी होते. मग तो माझ्याकडे येतो आणि मी चावत असलेल्या घासाकडे मन लावून बघतो. डोळ्यांत पाणी असतं, खोटं नाही सांगत. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं की, साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांची भूक भागता भागत नाही. तेव्हापासून आजी त्याला ओरडत नाही. "त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, रक्तातच आहे," म्हणते आणि साय चाटायला देते. परिणाम व्हायचा तो झाला. डॉक्टरांनी त्याला काट्यावर चढवलं, आकडा बघितला, परत उतरवून परत चढवलं, आणि सांगितलं, भात बंद, उकडलेला लाल भोपळा सुरू.

भोपळा लाडूचा, वजन लाडूचं, जनुक लाडूचं. पण आजी म्हणाली, "एकाला भोपळा आणि दोघांना चिकन, बरं दिसतं का ते?" त्या दिवसापासून तिघांच्याही वाट्यांत भोपळा आहे. माझ्या बरगड्या सोफ्यावरून मोजता येतात, तरी भोपळा. लाडू मात्र खूश. त्याला भोपळाही आवडतो.

दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालताना आम्हाला समोर बसवतात. "बघा, चार आहेत, एका जागी कशी गुण्यागोविंदानं बसलीत. शिका काही." ती चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आजीच एरवी सांगते. वेदांना कुणी भोपळा घालत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

शिक्षेचंही वाटप सारखंच. दाराची बेल वाजली की बकुळ खिडकीतून सुरू होते, ते तिचं खातंच आहे. बकुळ भुंकते म्हणून लाडू भुंकतो, आणि तेही चुकीच्या दिशेला, गॅलरीकडे तोंड करून. मला हल्ली कमी ऐकू येतं. हे दोघं का उठले, म्हणून मी उठतो, कंबर सरळ करतो, परिस्थिती समजून घेतो आणि भुंकायला तोंड उघडतो तेव्हा बाकीचे गप्प झालेले असतात आणि कुरिअरवाला जिना उतरत असतो. शांततेत माझा एकट्याचा आवाज. "टिप्या, तूसुद्धा? चला, तिघंही आत!" बाबांनी शेवटी दारावरची 'कुत्र्यापासून सावध' काढून स्वतः रंगवलेली पाटी लावली: 'कुत्री तीन आहेत. बेल एकदाच वाजवावी. भुंकणे ऐकू आल्यास बेल वाजली असे समजावे. दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये, कुत्री जागी असतात, आजी झोपते.' पाटी वाचायला लोक जिन्यात थांबतात, बकुळला त्यांचा वास येतो, ती भुंकते.

सकाळी तळजाईवर जाताना तीन पट्टे बाबांच्या एकाच हातात असतात आणि पहिल्या वळणापर्यंत त्यांची वेणी झालेली असते. त्यात मोर ओरडला की बकुळ एकीकडे, कुणीतरी खिचडीचा डबा उघडला की लाडू दुसरीकडे, आणि मी जागच्या जागी, कारण एका खांबावर कालपासूनचा बराच मजकूर वाचायचा राहिलेला असतो. फिरायला येणारे काका-काकू लाडूचे लाड करतात, बकुळला "किती गोड" म्हणतात. मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि हा?"

"हा देशी."

"असू दे. हे टिकतात."

वार्षिक लसही तिघांना एकाच दिवशी टोचायची, कारण एकाला आधी नेलं तर उरलेल्यांना वाटेल, आपल्याला सोडून फिरायला गेला. (नाही वाटत. दवाखान्याचा वास त्याच्या अंगाला असतो. उलट हायसं वाटतं.) स्कूटरवर एक मावतो, तिघं नाही. म्हणून रिक्षा. पहिल्यानं लांबूनच मान हलवली. दुसरा थांबला, लाडूला बघून "गॅस भरायचाय" म्हणाला आणि गेला. तिसरा थांबला आणि थांबून राहिला. बहुधा त्याच्या घरीही एखादं असावं, पँटला वास होता.

बाबांनी फुटपाथवरच जागावाटप जाहीर केलं. जाताना टिप्या डावीकडे, बकुळ मधे, लाडू ताईच्या पायाशी. येताना अदलाबदल, म्हणजे वारा सगळ्यांना मिळेल. ते अजून बोलत होते तोवर आम्ही बसलोसुद्धा. डाव्या कडेला मी, नाक बाहेर. उजव्या कडेला बकुळ, तिला रस्ता दिसायला हवा. लाडू खाली आडवा पडला आणि खालचं सगळं भरून गेलं. ताई मधे, पाय वर घेऊन. कुणी गुरगुरलं नाही, कुणी कुणाला हटवलं नाही. बाबा मात्र फाईल छातीशी धरून फुटपाथवरच राहिले.

"साहेब, तुम्ही पुढं या माझ्याजवळ," रिक्षावाले काका अर्धी सीट सोडत म्हणाले. "मागं फुल झालंय."

"पुढं बसलेलं चालतं का? सिग्नलला मामा असतात."

"मामा दिसले की तुम्ही उतरा आणि चालत या. यांना मी सोडतो दवाखान्यात."