‘ट्रॉमा बाँडिंग’बद्दल एक खुलासा

सध्या एक व्याख्या फिरते आहे: दोघांनी आपापली जुनी दुःखं एकमेकांना सांगितली आणि त्यातून जीव जडला, की तो ‘ट्रॉमा बाँड’. हे चूक आहे. त्याला साधी जवळीक म्हणा.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये मांडलेली कल्पना निराळी आणि बरीच बोचरी आहे. त्यात दोन गोष्टी लागतात: एकाच्या हातात सगळी सत्ता, आणि छळ व माया यांचा आलटूनपालटून खेळ. रात्री अपमान, सकाळी माफी आणि लाड. पुढचा गोड दिवस कधी उगवेल हे कळत नाही, म्हणून मन त्याचीच वाट बघत अडकतं. जखम करणारा आणि फुंकर घालणारा माणूस एकच असतो ना!

‘खरा छळ असता तर ती केव्हाच सोडून गेली असती,’ हेही तितकंच पोकळ. याच दोघांनी नातं सोडून आलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी छळणाऱ्या जोडीदाराबद्दलची त्यांची ओढ सुमारे २७ टक्क्यांनीच कमी झाली होती. म्हणजे बाहेर पडल्यावरही त्याची आठवण येणं हा प्रेमाचा पुरावा नव्हे.